माझ्या छातीला दोर कोणी बांधला?

या सदरात लोक लिहितात ते मी वाचतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेतो. पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणे... किती अंतरावरून? उजेड किती होता? चष्मा लावला होता का? सवयच तशी. मी वीज खात्यात मीटर तपासनीस होतो, अकोल्याला, बावीस वर्षं. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच दार वाजवायचं, हा आमचा धंदा. बायको म्हणायची, तुम्ही दूधवाल्याकडेसुद्धा चोर असल्यासारखं बघता. बघायचो, खोटं कशाला बोलू.

देवाच्या बाबतीतही तेच. आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून. पण मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा. पाळकसाहेब चमत्कारावर बोलायला लागले की मी खिडकीबाहेर बघायचो. असलं काही मी स्वतः लिहायला बसेन असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर त्याचंही मीटर तपासलं असतं. तरी लिहितोय. जे घडलं ते जसं घडलं तसं सांगतो, ठरवा तुमचं तुम्ही.

दोन हजार सालानंतरची ती वाईट वर्षं. विदर्भाचं नाव रोज पेपरच्या पहिल्या पानावर असायचं, आणि कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. भारनियमन इतकं की वावरातली मोटर कधी चालेल याचा नेम नसायचा. माझी मोठी बहीण रत्नाताई चांदूर बाजारपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात दिलेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाऊजींचं नाव शांतवन. दोघांना मूलबाळ नाही, पण संत्र्याची दीडशे झाडं होती आणि ती दोघांनी लेकरांसारखीच वाढवली होती.

अशाच एका वर्षी नाताळात मी त्यांच्याकडे गेलो होतो. वावरात फिरताना माझी नजर सवयीनं तारांकडे गेली. बघतो तर विहिरीवरच्या मोटरीची वायर सरळ मेन लाईनवर टाकलेली. आकडा! मीटर तपासनीसाच्या सख्ख्या बहिणीच्या विहिरीवर!

"भाऊजी, हे काय हो?"

"ते व्हय? ते तं समद्याइचंच हाय गावात," भाऊजी हसून म्हणाले.

"समद्याइचं असन. समदे माहे भाऊजी नाईत. उद्या कोनी वर कळवलं तं माही नोकरी जाईन."

मी बराच वेळ बोललो. मला बोलायला मिळालं की मी थांबत नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं, मग बांबू आणला आणि माझ्यासमोर आकडा काढून खाली टाकला. "घे. झालं? चाल, आता च्या घेऊ." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मला वाटलं, माझी एसटी निघाली की लावतील परत. इतकं वाटलं की फेब्रुवारीत एका रविवारी मी न सांगता अकोल्याहून निघालो, गावाबाहेर उतरलो आणि ताईच्या घरी जायच्या आधी वावरात जाऊन तारा बघून आलो. आकडा नव्हता. ताईला मी सांगितलं, सहज आलो.

आकडा गेला म्हणजे दिवसाची मोटर गेली, कारण शेतीची मीटरवरची वीज यायची ती रात्री-अपरात्री. मग भाऊजींनी जुनं डिझेल इंजिन बाहेर काढलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी इतकं खाली जातं की वरून इंजिन ते ओढू शकत नाही. म्हणून आमच्याकडे लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. कप्पीवरून दोर टाकून, आतल्या खडकाच्या टप्प्यावर. धूर आतच कोंडतो. उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचा ही जुनी रीत आहे, कंदील विझला तर उतरायचं नाही. पण इंजिनाच्या धुरानं कंदील विझत नाही, आणि माणूस मात्र खाली बसतो तो उठत नाही. मला हे माहीत होतं, आमच्या खात्यात शिकवलं होतं. मी भाऊजींना ते कधी सांगितलं नाही.

ईस्टरला मी एकटाच ताईकडे गेलो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भाऊजी तीन वाजेपर्यंत उपाशी असत आणि त्या दिवशी इंजिनाला हातही लावत नसत. रविवारी तर प्रश्नच नाही. त्यामुळे मधल्या शनिवारी झाडांना पाणी देणं भाग होतं. सकाळी साडेनऊ-दहाची वेळ. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळी मंडळी कबरस्तानात जाऊन उपासना करते, म्हणून आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावायचा असतो. मी झाडाखाली बसून बादलीत चुना कालवत होतो. शेजारच्या वावरातले रशीदचाचा ताईशी बोलत उभे होते. इंजिन चालू होतं. मग ते खोकल्यासारखं करून बंद पडलं.

भाऊजी बघायला खाली उतरले. विहीर पन्नासेक फूट, टप्पा साधारण पस्तिसावर, बाजूच्या दगडांत पाय ठेवायला खाचा. दोन-तीन मिनिटं झाली. ताईनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी धावत गेलो आणि वाकून बघितलं... भाऊजी इंजिनाशेजारी आडवे पडले होते, एक हात खाली लोंबत होता.

मी काय करायला हवं होतं ते मला पाठ होतं. आधी स्वतःला दोर बांधायचा. मी दोराचं टोक नुसतं हातात धरलं आणि उतरलो. मागून रशीदचाचा ओरडत होते, "अरे बेटा, रस्सी बांध पहले!" मी ऐकलं नाही.

आता यापुढचं नीट वाचा, कारण सगळं इथेच आहे.

मी टप्प्यावर पोचलो. डोळे चुरचुरत होते, डोकं जड. भाऊजींचं तोंड उघडं, ओठ विचित्र लालसर. मी त्यांच्या काखेखालून दोर घातला आणि छातीवर गाठ मारली. हे मला लख्ख आठवतं. दोर दोनदा हिसकला, तीच ओढायची खूण. दोर ताणला गेला, भाऊजी थोडे उचलले गेलेलेही आठवतात. मग माझे गुडघे गेले. त्यानंतर आठवतं ते इतकंच — कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्दीच्या एसटीत आपल्या माणसाला पुढे ढकलतात तसं मला ढकललं. हा शेवटचा तुकडा मी पुरावा म्हणून धरत नाही. गॅस चढलेल्या माणसाला काहीही वाटू शकतं.

डोळे उघडले तेव्हा मी वर होतो, झाडाखाली. माझ्या छातीला दोर होता. भाऊजी खालीच होते.

वरच्या दोघांनी जे पाहिलं ते असं : दोन हिसके बसले, त्यांनी ओढायला सुरुवात केली, वजन आलं. मग दोर एकदम ढिला पडला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा दोन हिसके. पुन्हा ओढलं आणि वर आलो मी. माझ्यानंतर विहिरीत कोणी उतरलं नव्हतं. ताई उतरायला निघाली होती, रशीदचाचांनी तिला धरून ठेवलं. गावातली माणसं जमली, फांद्या हलवून, पाणी ओतून आतला धूर मोडला आणि भाऊजींना काढलं. ते गेलेले होते.

मला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. तिथे पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच प्रश्न सुरू झाला, आणि खरं सांगतो, तो प्रश्न मी दुसऱ्या कोणाला विचारला असता तर आधीच निकाल देऊन टाकला असता. विहिरीत दोन माणसं, एक दोर. एक बेशुद्ध, दुसरा शुद्धीत. वर आला तो शुद्धीतला. दोर कोणी बांधला असेल?

मीच. दुसरं कोण? भाऊजींना सोडवलं आणि स्वतःला बांधून घेतलं. जीव घाबरला की माणूस काय करेल सांगता येत नाही, आणि केलेलं विसरणं त्याला सोयीचं असतं. मी आयुष्यभर अशीच माणसं पाहिली होती.

डॉक्टर नको म्हणत असताना रविवारी दुपारी मी सही करून निघालो. ऑटोनं स्टँड, तिथून चांदूर बाजारची गाडी. कबरस्तानात पोचलो तेव्हा पहाटेच्या उपासनेच्या मेणबत्त्या कबरींवर तशाच वितळून पडल्या होत्या, आणि ताज्या चुन्याच्या त्या सगळ्या पांढऱ्या रांगांमध्ये एक काळ्या मातीचा ढीग होता. पाळकसाहेबांनी दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्या प्रीतीबद्दलचं वचन काढलं. म्हणाले, आज प्रभू उठला त्याच दिवशी आपण शांतवनला पेरतोय, त्यानं आपल्या मेव्हण्यासाठी प्राण दिला. मला संताप आला. तुम्हाला काय माहीत? तुम्ही होता का विहिरीत? माझ्या मागे दोन बायका कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "सोताले बांधून घेतलं म्हने." त्या बाईचं मला पाळकसाहेबांपेक्षा जास्त पटलं.

ताई मात्र पोलिसांना जबाब देऊन मोकळी झाली होती. तिनं सांगितलं होतं, "आमच्या ह्याइनंच माह्या भावाले बांधून वर धाडलं. मी खालून आवाज ऐकला त्याइचा." त्यावर पोलिसांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी रशीदचाचांना गाठलं. ते तिच्या खांद्याला खांदा लावून दोर ओढत होते.

"चाचा, आवाज आला होता?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "बेटा, मी खोटं नाई बोलत. मले काही आयकू नाई आलं."

म्हणजे ताई खोटं बोलली. मला वाचवायला. एवढं सरळ होतं.

मग चाचांनी खिशातून एक कपडा काढून उलगडला. माझ्या छातीवरचा दोर त्यांनी विळ्यानं कापला होता आणि गाठ तशीच ठेवली होती. "हे पाय. हे तं शांतवनची गाठ. इंजिन उतरवाले तो हेच मारे. दोन येढे अन् टोक परतून आतमधी. गावात दुसऱ्याले जमत नाई. मलेबी नाई."

मी गाठ घेऊन अकोल्याला आलो. तुम्ही म्हणाल झालं, मिळाला पुरावा. थांबा. मी तपासनीस आहे. आठवड्याभरानं ज्यांनी शवविच्छेदन केलं त्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक : भाऊजींच्या छातीवर काखेखालून दोराचा वळ होता, जिवंतपणी उठलेला. म्हणजे मी त्यांना बांधलं होतं हे खरं. दुसरी : इतका धूर रक्तात गेलेला माणूस उठून, दोर सोडून, दुसऱ्याला बांधून, अशी गाठ मारू शकत नाही. "बोट हलवू शकला असता की नाही याचीही मला शंका आहे," ते म्हणाले.

"मग मीच बांधली असेल?"

"तुमचेही कागद पाहिलेत मी, रक्ताची तीच गत होती. तुम्ही तरी कशी बांधणार?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी मी ती गाठ समोर ठेवून तशी मारायचा प्रयत्न करायचो. खुर्चीला बांधून, स्वतःच्या छातीला बांधून. एकदाही जमली नाही. पण शंका काय, तिला एवढीशी फट पुरते. लहानपणापासून भाऊजींना ती मारताना पाहिलं होतं... घाबरलेल्या हातांना आठवली असेल तर? माझी भीती भुताची नव्हती. माझी भीती अशी होती की एक दिवस मला सगळं आठवेल.

वर्षभर मी ताईकडे गेलो नाही. ड्यूटी आहे, तब्येत बरी नाही, बायकोच्या घरचं लग्न आहे. फोनवरसुद्धा मी घाईत असायचो. ज्या बाईचा नवरा मी खाली ठेवून आलो आणि जिनं माझ्यासाठी पोलिसांपुढे खोटं सांगितलं, तिच्या हातचं कसं जेवायचं? तिची खूप आठवण यायची. आई गेल्यापासून मला 'मनू' म्हणणारी तीच होती.

पुढच्या वर्षीच्या ईस्टरला पहाटेची उपासना आटोपून ताई सरळ एसटीत बसली आणि अकराच्या सुमाराला माझ्या दारात उभी राहिली. एका हातात संत्र्यांची पिशवी. "तू नाई येत तं म्या म्हटलं आपनच जावं," म्हणाली आणि चप्पल काढून आत आली. बायको स्वयंपाकघरात होती. मी कपाटातून गाठ काढली आणि ताईपुढे ठेवली. मला आता ते सहन होत नव्हतं.

"ताई, एक सांग. अन् खरं सांग. तुनं भाऊजीचा आवाज खरंच आयकला होता का? का मले वाचवाले बोलली? चाचा तं तुह्या बाजूलेच होते. त्याइनं नाई आयकला."

तिनं गाठीला हात लावला नाही. 

"तुले नाई माहीत मी काय केलं ते," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेले वढू लागलो तवा मी एकच म्हनत होती, देवा, हेच येऊ दे. हेच येऊ दे. अर्ध्यावर आलं तवा डोक्शाचे केस दिसले. काळे. ह्याइचे तं पांढरे. मले समजलं, तू होय."

मी गाठ उचलून हातात घेतली.

"मले राग आला, मनू. सख्ख्या भावाले जित्ता पाहून मले राग आला. मनात आलं, हा काहून? अन् माहे हात सुटले. खरंच सुटले. चाचा एकटा लटकला दोराले, तू खाली जाऊन राहिला होता. मी उभी. पाहून राहिली होती नुसती." तिचा आवाज बदलला नाही, डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं. "तवा खालून आवाज आला. 'रत्ने, वढ.' ओरडून नाई. वावरातून च्या मांगतेत तसा. मी दोर धरला अन् वढलं."

"पन चाचानं..."

"चाचानं कुठी सोडला होता दोर?" ताई म्हणाली. "त्याइले कायले सांगतीन ते?"

बावीस वर्षं मी लोकांचे जबाब घेतले. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या खोट्यात एक गोष्ट कधीही नसते — त्याला स्वतःला कमीपणा आणणारी. मला वाचवायलाच खोटं रचायचं असतं तर ताईनं हे रचलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी बोलणं काहीही न तपासता खरं धरलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. डॉक्टर म्हणाले ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, तसा माणूस हलूही शकत नाही. चाचांनी ऐकलं नाही हेही खरं. पाळकसाहेबांना त्या दिवशी मी मनात ज्या शिव्या दिल्या त्याबद्दल मात्र मी पुढे त्यांची माफी मागितली. त्यांनी ताईच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, मी ठेवला नव्हता.

मी ताईच्या पुढ्यात बसून रडलो. वर्षभराचं एकदम. तिनं थोडा वेळ रडू दिलं, मग पदरानं आधी माझं तोंड पुसलं आणि मग स्वतःचं.

"बस आता," ती म्हणाली. "तुले वर आनाले लय जड गेलं, मले अन् ह्याइले."